मान वर करायला फुरसत नाही आणि घरी करमतही नाही

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. ‘काका, दिवसभर मान वर करायला फुरसत नसते आणि रात्री रूमवर आलं की करमत नाही, मग नुसतं स्क्रोल.’ या दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या कशा, याचं तुला हसू येतं म्हणालीस. मला नाही आलं. सातपूरच्या टूलरूममध्ये अख्खी नोकरी काढताना मी हे पुष्कळ पाहिलंय. ज्या माणसाला जेवायला वेळ नसायचा, तोच रिटायर झाल्यावर महिन्याभरात कंपनीच्या गेटवर गप्पा मारायला येऊन उभा राहायचा.

ऑफिसात तुझा दिवस कोण ठरवतं? कस्टमरचा मेल, साहेबांचा फोन, शॉप फ्लोअरवरून आलेली बोंब. रूमवर आल्यावर मोबाईल ठरवतो, आता हे बघ, आता ते बघ. म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत तू दुसऱ्याने वाढलेलं ताट संपवतेस. वाढणारा थांबला की काय करायचं ते सुचत नाही, त्याला आपण कंटाळा म्हणतो. घाई आणि कंटाळा या दोन्हींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. तुझ्या दिवसात तू स्वतःला सांगितलेलं असं एकही काम नाही. छंद म्हणजे असं एक काम, एवढंच माझं म्हणणं.

माझा छंद तुला अर्धवट माहीत आहे. ‘काका नाणी बघतात’ असं तुम्ही अॅप्रेंटिस पोरं म्हणायचात. त्याची सुरुवात आपल्याच धंद्यातून झाली. जन्मभर डाय, म्हणजे ठसे मारायचे साचे, घासले, त्यामुळे नाण्यावरचं चित्र बघण्याआधी ठसा कसा मारला असेल हेच डोक्यात येतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला, दोन हजार वर्षांमागे इथे राज्य करणाऱ्या क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाला हरवलं, पण त्याची नाणी वितळवत बसला नाही. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार गोल), मारला ठोका की चालू बाजारात. ठोका जिथे कमी बसला तिथे खालून नहपानाचं नाक, नाहीतर ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावतो. आपण याला रिजेक्ट म्हटलं असतं. मी अशा नाण्याचा फोटो भिंगाखाली धरून बसलो की बायको दोन हाका मारते, त्या ऐकू येत नाहीत (असं मी सांगतो).

नाण्यावरची अक्षरं वाचता येईनात म्हणून ब्राह्मी या जुन्या लिपीकडे वळलो. आपली पांडवलेणी तू व्यायामाला चढून उतरत असशील. एकदा १० नंबरच्या लेण्याच्या ओसरीत थांब. मोबाईलचा टॉर्च भिंतीला बाजूने लावून धर, समोरून नको. तिरप्या उजेडात खोदलेल्या रेघांच्या सावल्या पडतात आणि सपाट वाटणारी भिंत अक्षरांनी भरून येते. हात मात्र लावायचा नाही. अधिकच्या चिन्हासारखा दिसतो तो क, खालचा पाय जरा लांब. ठ म्हणजे निव्वळ गोल. एवढ्यावर निघालं तरी चालतं. तिथल्या एका लेखाची सुरुवात आहे ‘सिधं’, मग वर्ष ४२, मग ‘वेसाखमासे’. हा शब्द माझा मला लागला तेव्हा जो आनंद झाला, तो पगारवाढीच्या पत्राने कधी दिला नाही. दोन हजार वर्षांमागचा वैशाख, आणि तोही जवळजवळ आपल्याच उच्चारात!

पुढचा मजकूर तर बँकेच्या पासबुकासारखा निघाला. नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. २००० दरमहा शेकडा १ दराने, १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. मी कागद घेऊन हिशेब केला. महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २०, बरोबर १२. भिंतीवरचा हिशेब पैचाही चुकलेला नाही. असं काही हाताला लागलं की संध्याकाळ कुठे जाते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावर डोकं हलकं असतं. पुढे मग अंजनेरीची नाणेशास्त्राची संशोधन संस्था कळली. आपल्या त्र्यंबक रस्त्यावरच आहे, आणि मी वर्षानुवर्षं तिच्यावरून देवाला जात होतो.

हे सगळं तू कर असं नाही. नाण्यांनी तुला झोप येईल. सांगायचंय ते असं की छंदाला थोडी अडचण हवी. जे पटकन जमतं ते पटकन उरकतं आणि आपण पुन्हा मोकळे. एक अक्षर लागलं की पुढचं अडतं, तिथेच माणूस गुंततो. सीरियल बघण्यात हे नाही, कारण तिथे तुझ्या हातून अडण्यासारखं काहीच नसतं.

शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती असं तूच एकदा चहाच्या सुट्टीत सांगितलं होतंस. मग दुसरीकडे कशाला शोधायचं? दिवसभर कॅडवर रेघ आपोआप सरळ येते. गोदाघाटावर बसून पायऱ्या काढायला घे, पहिल्याच पायरीला परस्पेक्टिव्ह बिघडेल. घाटावरचा दुतोंड्या मारुतीचा पुतळा काढ. पूर किती आला हे आपण ज्याच्या कमरेवरून नि गळ्यावरून सांगतो, त्याचे खांदे नेमके कसे आहेत हे किती नाशिककर न बघता सांगतील? बुधवारच्या बाजारात तर माणसं एका जागी थांबत नाहीत, तिथे हात फार लवकर सुटतो. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने हाच घाट जलरंगात रंगवला. त्यांची चित्रं बघ, पण दोन-चार महिन्यांनी. आधी बघितलीस तर वही मिटून ठेवशील.

वेळेचं म्हणशील तर ‘वेळ मिळाला की’ हे डोक्यातून काढ. मिळत नसतो. आठवड्यातला एक वार आणि तास धर, कंपनीच्या मीटिंगसारखा. डिस्पॅचच्या आठवड्यात तो बुडेल, बुडू दे, भरपाई करायला जाऊ नकोस. भरपाई सुरू झाली की छंदाचंही टार्गेट होतं. एकटीने टिकत नसेल तर सोबत शोध. आपल्याकडचे सायकलवाले बघ, पहाटे पाचला कुणीतरी कोपऱ्यावर वाट बघत असतं म्हणून उठतात. महाजन बंधू दोघेही डॉक्टर, दवाखाना सांभाळून २०१५ साली त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. कौतुकच आहे, पण ते माप स्वतःला लावू नकोस. गंगापूर धरणापर्यंत जाऊन मिसळ खाऊन परत येणाराही सायकलवालाच.

आणि इन्स्टावर टाकू नकोस. निदान वही भरेपर्यंत तरी. या बाबतीत मी जुनाट आहे, मान्य. पण चित्र टाकलंस की किती जणांनी बघितलं ते मोजशील, आणि पुढचं चित्र त्यांच्यासाठी काढशील. पुन्हा ताट वाढणारे दुसरेच. ‘यातून काही कमाई होईल का’ विचारणारेही भेटतील. त्यांना चहा पाज आणि विषय बदल.

एक मात्र नीट ऐक. करमत नाही हे जर झोप उडण्यापर्यंत, जेवण नकोसं होण्यापर्यंत गेलं असेल आणि आठवडेच्या आठवडे तसंच चाललं असेल, तर पेन्सिलच्या भरवशावर राहू नकोस, सरळ डॉक्टरांना भेट. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला फोन कर, मी सोबत येईन.

खर्च काही नाही. मेनरोडवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात साधी ड्रॉइंगची वही आणि फोर बी पेन्सिल घे. महागडा रंगांचा सेट आत्ता अजिबात नको. तो कपाटात पडून राहतो आणि उघडताना उगाच टोचणी लागते.

राहता राहिलं आईचं. ‘त्यापेक्षा एखादा कोर्स कर’ असं त्या म्हणतात, आणि चूक म्हणत नाहीत. कोर्स जरूर कर, पण तो नोकरीच्या खात्यात धर, कंपनीला फी द्यायला सांग, जमलं तर अभ्यासही तिथल्याच वेळात कर. घाटावरच्या तासाला त्याच्यासाठी हात लावायचा नाही. आईंना पटत नसेल तर फोन लावून दे माझ्याकडे, बोलतो मी.

तुझा,
काका