महापौर क्रुगर आणि पेशव्यांच्या कुणबिणी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

न्यूयॉर्कचा महापौर जॉन क्रुगर गुलामांचा व्यापारी होता, हे शाळेत कळल्यावर तू विचारलंस, "मग आपल्या पेशव्यांकडे गुलाम होते का?" होते. पण आधी क्रुगरकडे नीट बघ. नुसतं 'व्यापारी' म्हटलंस तर तो फार स्वस्तात सुटेल.

१६९८ साली 'प्रॉफेट डॅनियल' हे जहाज माणसं विकत आणायला न्यूयॉर्कहून मादागास्करला निघालं. सौदे करायला जहाजावर क्रुगर होता. एवढा लांबचा वळसा कशाला? तिथे माणसं पश्चिम आफ्रिकेपेक्षा स्वस्त मिळत. पुढच्या वर्षी चाच्यांनी जहाजच पळवलं. पण क्रुगरची पत काही गेली नाही. तो नगरसेवक झाला आणि १७३९ मध्ये महापौर. तेव्हा महापौर निवडून येत नसे, गव्हर्नर नेमायचा. पुढे त्याचा मुलगा, तोही जॉनच, सुमारे दहा वर्षं महापौर होता.

थोरल्याच्या कारकिर्दीत, १७४१ च्या मार्चमध्ये, शहरातला किल्ला जळला आणि मग ठिकठिकाणी आगी लागल्या. पाचातला एक माणूस गुलाम असलेल्या शहरात संशय कुणावर जाणार? आगी लावण्याच्या कटाची माहिती देणाऱ्याला इनाम जाहीर झालं: गोऱ्याला १०० पौंड, मुक्त काळ्याला ४५, गुलामाला २० आणि सुटका. वर त्याच्या मालकाला २५ पौंड भरपाई! गुलामाची साक्ष गुलामाविरुद्ध चालायची, गोऱ्याविरुद्ध नाही. कबुली देऊन आणखी नावं सांगितली, तर जीव वाचण्याची आशा. मग नावं वाढतच गेली. १३ काळ्या माणसांना जिवंत जाळलं, १७ जणांना फाशी दिलं, ७० हून अधिक लोकांना वसाहतीबाहेर धाडलं. चार गोरेही फासावर गेले. शाळेच्या प्रकल्पात एक घोळ टाळ: हे खटले वरच्या न्यायालयात चालले, न्यायाधीश क्रुगर नव्हता.

आता पेशवाई. घरोघरच्या, किल्ल्यांवरच्या, सरकारी कोठ्यांतल्या बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, दळण, शेण, पागेतली कामं करत. काही विकत घेतलेल्या, काही लढाईत धरून आणलेल्या. व्यभिचाराचा आरोप सिद्ध झालेल्या बाईलाही सरकार कुणबीण करून ठेवी. त्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी मोडी कागदांत आहेत, तेव्हा "आपल्याकडे सगळ्यांना घरच्यासारखंच वागवत" असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नकोस. फरक होता तो कामात: आपल्याकडे मुख्यतः घरकाम आणि चाकरी, अमेरिकेच्या दक्षिणेत निर्यातीच्या पिकांचे मळे. तिथे कातडीचा रंगच गुलामीचा पुरावा मानला जाई, तसं पुण्यात नव्हतं.

न्यूयॉर्कने १७९९ मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला, पण त्यानंतर जन्मलेल्या गुलामांच्या मुलांनाही मुलगा असेल तर २८ आणि मुलगी असेल तर २५ वर्षांची होईपर्यंत राबावं लागे. आधी जन्मलेले ४ जुलै १८२७ ला सुटले. आपल्याकडे कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरचा मालकाचा हक्क मानणं थांबवलं. गुलाम ठेवणं किंवा विकणं हा गुन्हा ठरला तो दंडसंहिता लागू झाल्यावर, १८६२ मध्ये.

तुझी,
आई