तुम्हाला कशानं प्रॉम्प्ट केलं?

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझी मुलगी परवा बँकेच्या इंटरव्ह्यूला गेली होती. तिला विचारलं, ‘व्हॉट प्रॉम्प्टेड यू टू अप्लाय हिअर?’ तिला प्रॉम्प्ट म्हणजे ‘लगेच’ एवढंच माहीत, तिला वाटलं की अर्ज लगेच का केला असं विचारतायत, म्हणून ती म्हणाली शेवटची तारीख जवळ आली होती. घरी येऊन डिक्शनरी बघितली तर अर्थ ‘प्रवृत्त करणे’. मग नाटकातलं प्रॉम्प्टिंग, कॉम्प्युटरवरचा प्रॉम्प्ट, आता एआयला लिहितात तो प्रॉम्प्ट, हे सगळं एकच का? आणि इंग्रजीतला ‘अर्ज’ (urge), ‘प्रोव्होक’ यांच्यात आणि याच्यात फरक काय? मुलगी खूप नाराज आहे, लहानपणापासून आजीबरोबर पेन्शन काढायला बँकेत जायची, तिला मनापासून तिथेच काम करायचंय. – एक वाचक, मिरज

उत्तर : आधी मुलीला सांगा की नाराज होऊ नकोस, तिनं धरलेला अर्थ चुकीचा नव्हताच, फक्त तो विशेषणाचा होता. आपल्याकडे ‘तो माणूस एकदम प्रॉम्प्ट आहे’, ‘प्रॉम्प्ट रिप्लाय दिला’ असं आपण रोज बोलतो, क्रियापद म्हणून हा शब्द कानावर फारसा येतच नाही, त्यामुळे भलेभले तिथे अडतात.

दोन्ही अर्थ एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये ‘प्रोमेरे’ म्हणजे आतली वस्तू बाहेर काढणं. रोमन घरात कोठीतलं सामान काढून देणारा जो नोकर असायचा त्याला ‘प्रोमुस’ म्हणायचे. काढून समोर ठेवलेलं ते ‘प्रोम्प्टुस’, म्हणजे तयार, हाताशी असलेलं. तयार आहे म्हणून लगेच मिळतं, तो झाला तुमच्या मुलीला माहीत असलेला अर्थ. आणि आत असलेलं बाहेर यायला जे निमित्त होतं, ते प्रॉम्प्ट करतं, हा झाला इंटरव्ह्यूतला अर्थ. ‘आत असलेलं’ हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, माझ्या मते या शब्दाचा सगळा जीव तिथे आहे.

हे मला डिक्शनरीनं नाही, नाटकानं शिकवलं. कॉलेजात असताना आमच्या वाडीतल्या गणपतीत तीन अंकी नाटक व्हायचं, आणि मी दोन वर्षं विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग केलंय. हातात वही, वाक्याखाली बोट, आणि डोळा सतत नटाच्या चेहऱ्याकडे. नट थांबला की तो विसरलाय की मुद्दाम पॉज घेतोय हे ओळखायचं, विसरला असेल तर मान जरा विंगेकडे वळते, नजर एका जागी ठरत नाही. मग आख्खं वाक्य सांगायचं नाही, पहिले दोन शब्द हळूच टाकायचे, बस. पुढचं वाक्य तो स्वतःच घेतो कारण ते त्याला पाठच असतं. ज्यानं वही उघडूनच बघितली नाही त्याला कितीही प्रॉम्प्ट करा, काही उपयोग होत नाही, हेही मी बघितलंय. युरोपातल्या जुन्या ऑपेरा थिएटरांत तर स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध एक छोटी पेटी असते, प्रेक्षकांच्या बाजूनं झाकलेली, तिच्यात बसून प्रॉम्प्टर गायकाला ओळीचे पहिले शब्द क्षणभर आधी देतो. ब्रिटनच्या थिएटरात स्टेजच्या एका बाजूलाच ‘प्रॉम्प्ट साइड’ म्हणतात.

कॉम्प्युटरचंही तेच. काळ्या स्क्रीनवर ‘सी’ अक्षर आणि पुढे लुकलुकणारा कर्सर, तो कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे मशीन तयार आहे, आता तुम्ही बोला. एआयमध्ये उलटं झालं, तिथे माणूस पहिले शब्द टाकतो आणि मशीन पुढचं बोलतं. सूत्र एकच, कुणीतरी सुरुवात करून देतं आणि पुढचं काम दुसरा करतो.

आता ‘प्रवृत्त करणे’. डिक्शनरीनं दिलेला हा अर्थ चूक नाही, पण मराठीत या शब्दाचं काय झालंय बघा. पेपरात तो सगळ्यात जास्त कुठे दिसतो, तर ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याप्रकरणी गुन्हा दाखल’. पूर्वी आयपीसीचं कलम 306, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 108. त्या कायद्याच्या इंग्रजीत शब्द ‘अबेट’ (गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणं) आहे, ‘प्रॉम्प्ट’ नाही. पण रोज वाचून वाचून ‘प्रवृत्त’ला आपल्या मनात एक गुन्ह्याचा वास चिकटलाय. प्रॉम्प्टमध्ये तसलं काही नाही, ती चांगली गोष्टही असू शकते, वाईटही, किंवा नुसता पाऊससुद्धा.

आणि पाऊस म्हटलं की भाषांतराची खरी अडचण समोर येते. इंग्रजीत निर्जीव गोष्ट खुशाल कर्ता होते, ‘हेवी रेन प्रॉम्प्टेड द कलेक्टर टू क्लोज स्कूल्स’. याचं ‘जोरदार पावसानं जिल्हाधिकाऱ्यांना शाळा बंद ठेवण्यास प्रवृत्त केलं’ असं मराठी मी बातम्यांत वाचते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडे हे सांगायची किती सोपी सोय आहे, ‘पावसाचा जोर बघून जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली’. बघून, ऐकून, –मुळे, –वरून, मनात आलं, वाटलं, यांच्यातच प्रॉम्प्ट बसून जातो. तुमच्या मुलीला आलेला प्रश्न मराठीत एवढाच होता, ‘इथे अर्ज करावा असं तुला का वाटलं?’

इंग्रजीतला ‘अर्ज’ (urge) म्हणजे आग्रह धरणं, कळकळीनं पुन्हा पुन्हा सांगणं, आणि तो बहुतेक वेळा माणूसच करतो. डॉक्टर पेशंटला तंबाखू सोड म्हणून अर्ज करतात, आणि शेजाऱ्याचं आजारपण बघून तो खरंच सोडतो तेव्हा त्या आजारपणानं त्याला प्रॉम्प्ट केलं. (आपण ऑफिसात देतो तो अर्ज अरबीतून आलाय, उच्चार सारखा एवढंच, नातं काही नाही.) ‘प्रोव्होक’मध्ये बहुतेकदा राग असतो, डिवचणं, चिथावणं. याउलट शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएट रोमिओला विचारते, इथली वाट तुला कुणी दाखवली, तर तो म्हणतो प्रेमानं, त्यानंच मला आधी शोध घ्यायला प्रॉम्प्ट केलं. तिथे प्रोव्होक घालून बघा, सगळी गोडी जाते.

वापराचं एवढंच, ‘प्रॉम्प्टेड मी टू अप्लाय’, क्रियापदानंतर लगेच ‘मी’ (me) आणि मग ‘टू’. ‘प्रॉम्प्टेड टू मी’ किंवा ‘प्रॉम्प्टेड मी फॉर अप्लाइंग’ नको, क्लासमध्ये मुलं हे दोन्ही हमखास लिहितात. प्रॉम्प्टच्या पुढे नुसतं नामही चालतं, ‘द लेटर प्रॉम्प्टेड ॲन इन्क्वायरी’, पत्र आलं आणि त्यावरून चौकशी सुरू झाली.

पुढच्या इंटरव्ह्यूत हाच प्रश्न आला तर उत्तर तुमच्या पत्रातच आहे की, पाठ करायचीसुद्धा गरज नाही. ‘गोइंग टू द बँक विथ माय ग्रँडमदर प्रॉम्प्टेड मी टू अप्लाय’ एवढं म्हणायचं, आणि मग आजीबरोबर त्या रांगेत उभं राहून काय काय बघितलं ते सांगायचं.