दर मंगळवारी संध्याकाळी समोरच्या चर्चच्या घंटा दीड तास वाजतात. कोण वाजवतं आणि कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात नव्या घरात राहायला आल्यापासून दर मंगळवारी साडेसात ते नऊ हे चालू असतं. हा कुठला सण आहे, की एखादं यंत्र बिघडलंय? आणि माणसं वाजवत असतील, तर ख्रिश्चन नसलेल्याला त्यात घेतात का?

सण नाही आणि यंत्रही नाही. तो सराव आहे. आणि घेतात, अगदी आनंदाने घेतात. मी पुण्याच्या गुरुवार पेठेतली, घरी गौरी-गणपती बसतात, आणि २०२३ पासून लफबरोजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये तीन नंबरची घंटा वाजवते. त्या वर्षी चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकासाठी नवे वाजवणारे हवेत म्हणून देशभर मोहीम निघाली होती. आमच्या दुकानाच्या दारावर कागद चिकटवला होता, दूध आणायला गेले आणि नाव देऊन आले. कॉलेजच्या ग्रुपवर सांगितलं तर एकाचं एका शब्दात उत्तर आलं, 'घंटा!'

आपल्याकडे ढोल-ताशा पथक असतं ना, तसं हे घंटापथक समजा. वर्षभर सराव, म्होरक्याचा शब्द अंतिम, नव्या पोरांना आधी नुसतं बघत उभं करायचं आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी, सगळं तेच. फरक इतकाच की इथे एका माणसाच्या वाट्याला एकच घंटा, म्हणजे एकच स्वर येतो, आणि वाजतं त्यात गाण्याची चाल अशी नसतेच. तुम्हाला ते बिघडलेलं यंत्र वाटलं त्याचं कारण हेच. चाल शोधत ऐकलं की काही हाती लागत नाही.

देवळातल्या घंटेचा आपण लोळ हलवतो, घंटा बिचारी टांगलेली राहते. इथे अख्खी घंटाच फिरते. ती एका मोठ्या लाकडी चाकाला बांधलेली असते आणि वाजवायच्या आधी तिला झोके देत देत तोंड आभाळाकडे करून उभी करतात. मग दोर ओढला की ती पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा तोंड वर करून थांबायला येते, आणि पुढच्या ओढीला तशीच उलट फिरते. एका गिरकीत एकच ठोका. आमच्याकडची सर्वांत मोठी साधारण ६०० किलोची आहे. ती एकदा सुटली की मधे अडवता येत नाही. वर जवळजवळ तोललेली असते त्या क्षणी मात्र तिला किंचित थोपवता येतं, किंवा पूर्ण वर जायच्या आधीच परत खेचता येतं. वाजवणाऱ्याच्या हातात एवढंच.

आणि या एवढ्याशा मोकळिकीतूनच सगळा खेळ उभा राहिलाय. घंटा मनाला येईल तेव्हा वाजवता येत नाही, म्हणून चाल वाजवता येत नाही. पण एक ठोका उशिरा किंवा एक ठोका लवकर वाजवता येतो, म्हणजे शेजारणीशी जागा बदलता येते. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या लोकांनी हे पकडलं आणि मग ठरवलं की आता क्रमच बदलत राहायचे, आणि एकही क्रम दोनदा येऊ द्यायचा नाही. पाच घंटांचा सर्वांत साधा प्रकार, ज्याला 'प्लेन हंट' म्हणतात, तो असा सुरू होतो:

१२३४५
२१४३५
२४१५३
४२५१३
४५२३१
५४३२१

यात २ चा माग काढा. ती पुढे येते, पहिल्या जागी दोन ठोके देते, मग एकेक जागा मागे सरकत शेवटपर्यंत जाते. पुढे हाच क्रम वळून दहाव्या बदलाला पुन्हा १२३४५ वर येतो. हे कागदावरून वाजवायचं नसतं, पाठ असावं लागतं. तेही आकडे पाठ करून जमत नाही, आपल्या घंटेची वाट पाठ करायची. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा घनपाठ आठवला. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक. आमच्या वाड्यात वर राहणारे शास्त्रीबुवा सकाळी असे शब्द मागेपुढे फिरवत म्हणायचे आणि आम्ही पोरं जिन्यात बसून नकला करायचो. शिवाय किती क्रम होतील याचा हिशेब भास्कराचार्यांनी लीलावतीत 'अंकपाश' प्रकरणात करून ठेवलेलाच आहे. सहा घंटांचे ७२०, सातांचे ५०४०, आठांचे ४०,३२०. पाच हजार बदल वाजवायला साधारण तीन तास लागतात, त्याला 'पील' म्हणतात. मधे थांबायचं नाही, माणूस बदलायचा नाही. आठ घंटांचे सगळेच्या सगळे ४०,३२० बदल एका दमात मनोऱ्यात वाजवण्याचा पराक्रम एकदाच झालाय. जुलै १९६३ मध्ये, आमच्या लफबरोच्याच घंटा ओतण्याच्या कारखान्याच्या मनोऱ्यात, आठ माणसांनी, जवळजवळ अठरा तास. खाणंपिणं, शू कसं केलं असेल हा प्रश्न प्रत्येक नवशिका विचारतो. मीही विचारला होता. आमच्या टॉवर कॅप्टनबाई फक्त हसल्या.

तुमच्या मंगळवारी आत काय चालतं ते सांगते. अरुंद गोल जिना, हाताला दोरीचा कठडा. वर एक थंडगार खोली, छतातल्या सहा भोकांतून सहा दोर लोंबतायत. प्रत्येक दोरावर हातभर लांबीचा लोकरीचा गुबगुबीत पट्टा असतो, निळा-पांढरा-लाल, त्याला 'सॅली' म्हणतात. आधी सॅली ओढायची, सोडायची, ती सर्रकन वर जाते, दोराचं टोक मात्र हातातच ठेवायचं, मग टोक ओढायचं, सॅली खाली येते, ती पकडायची. फार लवकर पकडली तर घंटा तुम्हाला वर नेते. सगळे गोल करून उभे राहतात. पहिल्या घंटेला ट्रेबल म्हणतात, ती वाजवणारी व्यक्ती म्हणते, 'लुक टू!' सगळे सॅली धरतात. 'ट्रेबल्स गोइंग...' ती दोर ताणते. '...शीज गॉन.' आणि सुरू. इंग्रजीतही घंटा स्त्रीलिंगीच बरं का, तेवढी एक गोष्ट मला शिकावी लागली नाही.

पहिले दोन महिने मी एकटी एकाच घंटेवर, शेजारी शिकवणारी. तिसऱ्या महिन्यात मी 'स्टे' मोडला. हा ॲश झाडाच्या लाकडाचा दांडा घंटेला वरच्या बाजूला असतो, घंटा उभी विसावते ती त्याच्या आधाराने. मी फार जोरात ओढलं, वरून कडाड् असा आवाज आला, आणि दोर सापासारखा उसळून वर जायला लागला. मी तो घट्ट धरून उभी. शिकवणारी ओरडली, 'लेट गो!' आपली प्रवृत्ती काय, हातातली वस्तू निसटायला लागली की आणखी आवळायची. माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या तेव्हा कुठे मी दोर सोडला. तळहात दोन दिवस लाल होते. शरमेने मेले होते मी, पण कोणी काही बोललं नाही. तो दांडा मुद्दाम मोडण्यासाठीच लाकडी ठेवतात, नाहीतर वरचं जड सामान मोडेल. कोपऱ्यात चार तयार दांडे उभेच होते. मोडलेल्या तुकड्यावर तारीख घालून तो मला भेट दिला.

सराव सोडला तर रविवारी प्रार्थनेआधी अर्धा तास आणि लग्नांना वाजवतो. लग्नाचे थोडे पैसे मिळतात, ते आम्ही नव्या दोरांसाठी ठेवतो. नोव्हेंबरातल्या युद्धस्मृतीच्या रविवारी लोळाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात. एक फेरी खणखणीत आणि पुढची तीच फेरी लांबून आल्यासारखी, पुन्हा खणखणीत, पुन्हा लांबून. तो आवाज एकदा बाहेर उभं राहून ऐकाच. दुसऱ्या महायुद्धात तर १९४० च्या जूनपासून घंटा बंदच होत्या, कारण त्या वाजल्या तर शत्रू उतरला असा अर्थ ठरवला होता. इजिप्तमधल्या अल अलामेनच्या विजयानंतर, नोव्हेंबर १९४२ मध्ये, एका दिवसापुरत्या पुन्हा वाजल्या.

आता धर्माचं. आमच्या पथकात नऊ जण आहेत. त्यातले तिघे नेमाने प्रार्थनेला बसतात. एक जण ठार नास्तिक आहे आणि चाळीस वर्षं वाजवतोय. रविवारी घंटा थांबल्या की बाकीचे हळूच जिना उतरून कॉफी प्यायला जातात, चर्चच्या पाद्रींना ते माहीत आहे. मला कोणी कधी काही विचारलं नाही. फोनवर आईने विचारलं ते 'प्रसाद काय देतात?' बिस्किटं देतात. आणि मंगळवारी नऊनंतर सगळे पबमध्ये.

तसं बघायला गेलं तर चर्चच्या घंटा आपल्याला कुठे परक्या आहेत? चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा देवळांत आल्या, नाशिकची नारोशंकराची त्यांतलीच. मुंबईच्या अफगाण चर्चमधल्या आठ घंटा तर इथल्या लफबरोच्या कारखान्यातच ओतलेल्या. आणि आमच्या पेठेतल्या पंच हौदाच्या चर्चचा उंच मनोरा, त्यातही आठ घंटा आहेत. १८९० मध्ये तिथला मिशनचा चहा टिळक-रानड्यांना केवढा महागात पडला हे शाळेत घोकलं, पण शाळेत जाताना रोज ज्या मनोऱ्याखालून गेले त्यात वर काय टांगलंय हे मला या खेड्यात येऊन कळलं. गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा रस्त्यात उभी राहून मान वर करून बघत होते. भाऊ म्हणाला, काय गं, काय हरवलंय?

तुम्हाला आवाजाचा त्रास होत असेल तर तेही वर जाऊन सांगा. पुष्कळ ठिकाणी सरावापुरत्या झडपा लावतात. शिकायचं असेल तर येत्या मंगळवारी सातला चर्चच्या दाराशी उभे राहा, कोणीतरी किल्ली घेऊन येईलच. फी नसते. लोंबती ओढणी किंवा मफलर नको, बूट सपाट घाला, आणि खोलीत शिरल्यावर लोंबणाऱ्या कुठल्याही दोराला सांगितल्याशिवाय हात लावू नका, वर घंटा उभी असू शकते.