उपग्रह : पहारेकरी की कैदी?

एका वाचकाने विचारलंय, 'सॅटेलाइट' म्हणजे नेमकं काय, आणि रुग्णालयाच्या 'सॅटेलाइट सेंटर'ला मराठीत 'उपग्रह केंद्र' म्हणावं का? अजिबात नको. 'उपकेंद्र' हा शब्द गावोगावी आरोग्य खात्याच्या पाट्यांवर आहे, तोच घ्या. बड्या देशाच्या तालावर नाचणाऱ्या 'सॅटेलाइट' राष्ट्राला 'मांडलिक' म्हणा. 'उपग्रह वाहिनी' ठीक, तिचं प्रक्षेपण खरंच उपग्रहावरून येतं.

माझं डोकं उठतं ते 'उपग्रह म्हणजे छोटा ग्रह' हे शिकवणीछाप उत्तर ऐकलं की. गुरूच्या गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, बुध या ग्रहाचा ४,८७९. कोण छोटा? 'उप' म्हणजे मुळात जवळ. उपवासाला काय 'छोटा वास' म्हणणार?

'सॅटेलाइट' आला लॅटिन 'सातेलेस'वरून. सातेलेस म्हणजे बड्या माणसाच्या मागेपुढे असणारा अंगरक्षक, हुजऱ्या. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले आणि फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याची मर्जी राखायला त्यांना 'मेदिची तारे' म्हटलं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ च्या पुस्तिकेत त्यांना गुरूचे 'सातेलेस' केलं. खुशामतीतून सुटले ते हुजरेगिरीत अडकले.

आता खरी गंमत. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो, 'प्रग्रहोपग्रहौ बन्द्याम्'. उपग्रह म्हणजे बंदिवान! 'ग्रह्' म्हणजे पकडणे. धरून आणलेला तो उपग्रह. युरोपाने चंद्राला पहारेकरी केलं, आपण कैदी. कोशकार हे दोन अर्थ सुटेसुटे मांडतात आणि खगोलातला उपग्रह म्हणजे ग्रहाला 'उप' जोडला, संपलं, असं म्हणतात. जोडला असेल. पण धातू एकच ना? आणि गुरुत्वाकर्षणाच्या पकडीला कैद नाही तर काय म्हणायचं? पहारेकरी पाळी संपली की घरी जातो, चंद्राला कुठली सुट्टी? नेपच्यूनचा ट्रायटन तर उलट दिशेने फिरतो. तो बाहेरून येऊन नेपच्यूनच्या तावडीत सापडला असावा, असं खगोलशास्त्रज्ञच मानतात. आणि आपली क्रियापदाची निवड बघा: १९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत अग्निबाणाने आपला पहिला उपग्रह 'आर्यभट्ट' वर गेला, तर आपण म्हणतो उपग्रह 'सोडला'. सोडला कसला, कक्षेत डांबला!

फलज्योतिषवाल्यांचे गुलिक, धूम वगैरे उपग्रह म्हणजे नुसते गणिताने काढलेले बिंदू. संस्कृत वैयाकरणांचा उपग्रह त्याहून निराळा, परस्मैपद-आत्मनेपद, म्हणजे क्रियापदाच्या प्रत्ययांचे दोन प्रकार; पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथातल्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, तो लिंग आणि काळाच्या पंगतीला बसलाय. तिकडे कोणी दुर्बीण रोखू नये म्हणजे झालं.