शुक्रवारची संध्याकाळ आणि एकच चित्र

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. रविवारी एका दमात लंडनची नॅशनल गॅलरी पालथी घातलीस, पायांचे तुकडे पडले, आणि रात्री डोळे मिटल्यावर एकही चित्र आठवेना म्हणून रडू आलं. वाचून जीव कळवळला. पण दोष तुझ्या नजरेचा नाही गं. तिथे २,३०० च्या वर चित्रं आहेत. लग्नात एका दिवसात तेवढी माणसं भेटली तर कुणाचा चेहरा लक्षात राहणार?

आपल्याला सवय सहलीची. शाळेची बस वेरूळला जाते आणि चौतीस लेणी तीन तासांत उरकते, कारण पुन्हा येणं होईल याची खात्री नसते. तुझं तसं नाही. नॅशनल गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियमचे कायमचे संग्रह बघायला पैसे लागत नाहीत. मी १९९८ साली लंडनला शिकत होते तेव्हा व्ही अँड एला, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला, तिकीट होतं, दाराशी उभं राहून पाउंडांचे रुपये करायचे आणि परत फिरायचं. २००१ पासून तेही मोफत झालं. म्हणजे लायब्ररीतून खोलीवर जाताना वीस मिनिटं आत शिरावं, एक चित्र बघावं आणि बाहेर पडावं, ही चैन तुला वर्षभर परवडणार आहे. ती कर.

चार वाजता अंधार पडतो आणि जीव घाबरा होतो, असंही लिहिलंयस. डिसेंबरात तर चारच्या आधीच सूर्य जाईल. पहिल्या हिवाळ्यात मलाही वाटलं होतं की आपल्याला काहीतरी आजार जडला. त्यावर माझ्यापुरता एक उपाय सापडला. शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते, व्ही अँड ए दहापर्यंत. खोलीत एकटीने भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा उबेला, उजेडाला, माणसांत जाऊन बस. शुक्रवार संध्याकाळ त्यासाठीच राखून ठेव.

आणि पहिले चार शुक्रवार एकाच चित्रापुढे काढ. मी सांगेन ते यान व्हान आइक या जुन्या युरोपीय चित्रकाराचं, अर्नोल्फिनी दांपत्याचं. खोली शोधत हिंडू नकोस, तिथल्या माणसाला विचार, नेमकं सांगतील. चित्र लहान आहे, उंची जेमतेम ८२ सेंटीमीटर. पहिल्या शुक्रवारी नुसतं बघ. नवरा, बायको, पायाशी कुत्रं, खिडकीपाशी संत्री. भरदिवसा झुंबरात एकच मेणबत्ती पेटलेली. दुसऱ्या वेळी मागच्या भिंतीवरच्या गोल आरशाशी थांब. त्या आरशात दोघांच्या पाठी दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे दारात उभी आणखी दोन माणसं. म्हणजे आपण उभे आहोत तिथे तेव्हा कुणीतरी उभं होतं. आरशाच्या चौकटीवर ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग आहेत, एकेक नखाएवढा. वर भिंतीवर वळणदार लॅटिन अक्षरांत लिहिलंय, ‘यान व्हान आइक इथे होता, १४३४’. चित्रकार सही करतो ती आपण केलं म्हणून. याने आपण तिथे होतो एवढंच नोंदवलं. घरापासून इतक्या लांब राहताना ती ओळ वाचून माझ्या घशाशी आवंढा आला होता.

सोबत वही आणि पेन्सिल ने. काढायला कुणी अडवत नाही. चित्रकला येत नाही ही सबब नको. हात चालू लागला की डोळा थांबतो, आणि नुसतं बघताना कधीच न दिसलेली घडी, बोटं, सावली दिसायला लागते. मोबाइलवर फोटो काढलास तर बघण्याचं काम तू फोनवर सोपवून मोकळी होशील.

यातली आपली एक गोष्ट तुला ठाऊक असावी असं वाटतं. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढत होते. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. लेण्यातल्या अंधुक उजेडात, हंगामामागून हंगाम, रेघेला रेघ. ती कॅनव्हासं लंडनला गेली आणि १८८५ च्या आगीत बरीचशी जळाली. उरलेली आज व्ही अँड एच्या संग्रहात आहेत. तिथे जाशील तेव्हा त्या पोरांची आठवण काढ. तुझ्याच वयाची असतील.

आता रोजचं. ट्यूबपेक्षा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेपेक्षा, बस धर. पहिल्या बसमध्ये कार्ड लावल्यापासून तासाभरात बस कितीही बदल, भाडं एकदाच कापतात. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर शहर डोळ्यांखालून जातं. फोडणी देताना खिडकी उघड, झाकण हाताशी ठेव. माझ्या जिऱ्या-मोहरीच्या धुराने एकदा रात्री अकराला सगळी इमारत थंडीत रस्त्यावर उभी राहिली होती. स्मोक अलार्मवर पिशवी बांधायचा सल्ला कुणी देईल, तो अजिबात ऐकू नकोस. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम नको, कुणी रोख देतो म्हणाला तरी नको. व्हिसाच जाईल. कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे हे मी जाणते, पण त्याचा विचार रात्री झोपताना करायचा नसतो. आणि मराठी कानांवर पडावंसं फारच वाटलं तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं.

नाताळात मैत्रिणींबरोबर पॅरिसला जायचं म्हणतेस. आपल्या पासपोर्टवर त्यासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससारख्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, वेगळा लागतो, ब्रिटनचा चालत नाही. तो हाती नसताना तिकिटं काढू नकोस. लंडनमध्येच राहिलीस तर २५ तारखेला बस, ट्यूब काही धावत नाही आणि गॅलऱ्याही बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशीच दूध, ब्रेड, भाजी भरून ठेव.

आईला रोज फोन कर, पाच मिनिटं का होईना. काय जेवलीस ते आधी सांग, चित्रांचं मग.

येत्या शुक्रवारी जाशील ना? त्या चित्रातली संत्री मोजून कळव. एक पटकन दिसतं, बाकीची शोधावी लागतात.

तुझ्या बाई