ग्रंथी, गाठ आणि थायरॉइडचं दार

प्रश्न असा आला आहे : ग्रंथी म्हणजेच गाठ, मग ‘थायरॉइड ग्रंथीला गाठ आली’ हे ‘पिवळा पीतांबर’सारखंच नाही का?

नाही. ‘ग्रंथि’चं प्राकृतात ‘गंठि’ झालं, तिथून मराठीत ‘गाठ’ आली. मूळ एकच असलं तरी वाटण्या कधीच झाल्या. ग्रंथी म्हणजे स्राव तयार करणारा अवयव आणि गाठ म्हणजे हाताला लागणारा फुगवटा. बिनधास्त बोला.

चुकतंय ते भलतीकडेच. ‘मला थायरॉइड आहे.’ अहो, तो सगळ्यांनाच असतो! श्वासनलिकेच्या पुढ्यात, फुलपाखरासारखा पसरलेला. त्याहून वाईट म्हणजे ‘थायरॉइड वाढलाय’. रिपोर्टात वाढलेला असतो टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, आणि तो थायरॉइडमधून नव्हे तर मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून येतो. थायरॉइड सुस्तावला की पीयूषिका त्याला जास्त जोराने हाका मारते. म्हणजे बहुतेक वेळा आकडा चढलेला असतो तो थायरॉइड मंदावल्यामुळे.

पण ‘थायरॉइड’ हा शब्द खरा बघण्यासारखा आहे. ग्रीकमध्ये ‘थ्युरा’ म्हणजे दार. त्यावरून ‘थ्युरेऑस’, म्हणजे दाराशी लावायची धोंड. होमरच्या काव्यात एकडोळ्या राक्षस गुहेच्या तोंडाशी लोटतो तीच. पुढे दारासारख्या लांबट ढालीलाही हेच नाव पडलं आणि ढालीवरून गळ्यातल्या कूर्चेला, म्हणजे तिथल्या लवचीक हाडाला. थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरने 1656 साली ग्रंथीला ‘थायरॉइड’ म्हटलं ते या शेजारच्या कूर्चेवरून. ग्रंथी स्वतः ढालीसारखी मुळीच नाही. भाडेकरूला घरमालकाचं आडनाव लागावं तसा प्रकार! (मानेला गोलाई आणून शोभा देणं हेही तिचं एक काम, असं या व्हार्टनसाहेबांना वाटे.)

आता ही ‘थ्युरा’ आपल्या ‘द्वारा’ची सख्खी बहीण. संस्कृतातल्या ‘ध’च्या जागी ग्रीकमध्ये ‘थ’ येतो, जसं ‘धूम’ आणि ‘थ्युमोस’. त्या हिशेबाने आपल्याकडे ‘ध्वार’ व्हायला हवं होतं. मग ‘ध’ गेला कुठे? एक तर्क असा की ‘द्वि’ने त्याला आपल्याकडे ओढलं, कारण दाराला फळ्या दोन. मला हा तर्क फार आवडतो. वाड्याचा दिंडीदरवाजा ज्याने पाहिलाय त्याला तो पटायला हरकत नाही. तर थायरॉइडमध्ये आपलं ‘दार’च बसलेलं आहे.

आणि एवढा शब्द समोर असताना परिभाषाकारांनी दिलं काय, तर ‘अवटु ग्रंथी’! अमरकोश उघडा : अवटु, घाटा, कृकाटिका हे तिन्ही शब्द मानेच्या मागच्या भागाचे. ग्रंथी पुढे आणि नाव मागे! कोणी म्हणेल, अवटु म्हणजे खळगाही होतो, म्हणून गळ्याची खळगी. पण खळगी ग्रंथीच्या खाली असते, हाताने चाचपून बघा. शिवाय गळ्याच्या सुजेला ‘गलगंड’ हा बिनचूक शब्द आपल्याकडे होताच. त्यावरून काही सुचलं नाही का? फारच देशी शब्द हवा असेल तर ‘कवाडग्रंथी’ म्हणा, नाहीतर थायरॉइडच राहू द्या. अवटु मात्र परत मानेमागे पाठवून द्यावा.