पहिला डॅशकॅम घेताय? आधी एवढंच बघा

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या काचेमागे बसवून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा. घ्या, बिनधास्त घ्या. अपघात झाला, गर्दी जमली की चूक चारचाकीवाल्याचीच, हा आपल्या सोलापूरचा नियमच आहे. राँग साइडने आलेला दुचाकीवाला किंवा मागे रिफ्लेक्टरही नसलेली उसाची ट्रॉली कॅमेऱ्यात दिसली, तर ठाण्यात आणि विम्याच्या सर्व्हेअरपुढे निम्मी वादावादी वाचते.

फोर-के, नाइट व्हिजन वगैरे नंतर बघू. सध्या:

- बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला (वीज साठवणारा, पण उष्णता जास्त सोसणारा भाग) कॅमेरा. मे महिन्यात पारा ४० च्या वर. उन्हात काचेमागे बॅटरी फुगते.
- हाय एंड्युरन्स (सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं) मेमरी कार्डच टाका. साधं लवकर मरतं, आणि ते कळतं नेमकं गरजेच्या दिवशी.
- तारीख-वेळ बरोबर लावा. अनेकांच्या व्हिडिओवर भलतंच साल असतं.

नवखे खरे चुकतात ते धडकेनंतर. लूप रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा जुनं पुसत नवं लिहितो. म्हणून लगेच क्लिप लॉक करा, म्हणजे ती पुसली जात नाही, आणि कार्ड काढून खिशात टाका. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून निवांत होऊ नका, तिथे व्हिडिओ कॉम्प्रेस होऊन त्याचा दर्जा घसरतो. कापाकापी तर नकोच. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. ते वकील बघतील, तुम्ही मूळ फाइल सांभाळा.

आणि हो, जीपीएस असेल तर तुमचाही वेग नोंदला जातो. माइक चालू असेल तर गाडीतलं बोलणंही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा!